अनंत लावायचा तर एकेरी

जांभ्याची लाल माती मुळातच आम्लधर्मी, आणि अनंताच्या झुडपाला मातीचा सामू (pH) ५ ते ६ लागतो. म्हणजे कोकणात तो आपसूक फोफावायला हवा. तरी कितीतरी परसांत पिवळा पडलेला, खुरटा अनंत दिसतो, कारण तो न्हाणीच्या पाटावर नाहीतर घराच्या जोत्याला खेटून लावलेला असतो. साबणाचं पाणी अल्कधर्मी, सिमेंटमधून चुना झिरपतो. मग मातीत लोह असूनही मुळांना ते घेता येत नाही. कोवळी पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. न्हाणीचं पाणी केळीला आणि अळवाला द्या. चुलीची राख तर अनंताच्या बुंध्यात चुकूनही नको. पुळणीच्या वाळूत शिंपल्यांचा चुरा असतो, तिथे कुंडीच बरी.

रोपवाटिकेत बहुतेक वेळा दुहेरी, भरगच्च फुलांचा अनंत हातात ठेवतात. देवाला वाहायला तो छान, पण त्यात पुंकेसरांच्याच पाकळ्या झालेल्या असतात. मधमाशीला परागच मिळत नाहीत. सहा पाकळ्यांचा एकेरी मागा. त्याच्या लांब नळीतला मध लांब सोंडेचे हॉकमॉथ पतंग पितात. त्यांतलाच एक, काचेसारख्या पंखांचा, दिवसाढवळ्या फुलापुढे हवेत थरथरत उभा राहतो. त्याची हिरवी, शेपटीशी काटा असलेली अळी अनंताचीच पानं खाते. दोन-चार फांद्या ओक्याबोक्या होतील, झाड मरत नाही. कीटकनाशकाचा फवारा मारलात तर पतंगाची वाट बघू नका.

लागवड जूनमध्ये, पाऊस स्थिरावल्यावर. खड्डा दीड फूट लांब, रुंद, खोल. दोन भाग माती, एक भाग कुजलेलं शेणखत, एक भाग पानांचं खत, दोन मुठी निंबोळी पेंड. भरल्यावर माती आजूबाजूपेक्षा चार बोटं वर राहू दे. अनंताला ओल हवी, पण आषाढात पाणी तुंबलं की मुळं कुजतात. खाली कातळ लागला तर फोडत बसू नका, फूटभर उंच वरंबा करून त्यावरच लावा. सकाळचं ऊन, दुपारनंतर माडाची सावली, अशी जागा उत्तम.

दसऱ्यानंतर बुंध्याभोवती नारळाची सोडणं उपडी मांडा. कळ्या धरल्यावर माती एकदा जरी कडकडीत सुकली तरी कळ्या गळतात. मार्च ते मे एक दिवसाआड पाणी, भरपूर.

पानं पिवळी पडलीच तर लिटरभर पाण्यात ३ ग्रॅम फेरस सल्फेट आणि थोडा लिंबाचा रस घालून संध्याकाळी फवारा, लादीपासून लांब, कारण गंजाचे डाग जात नाहीत. पानांवर काजळी दिसली तर खालून पिठ्या ढेकूण शोधा. जुन्या ब्रशने खरवडून काढले की पुरतं. मुंग्यांची वाट मात्र मोडा, त्याच त्यांना पोसतात.

छाटणी बहर संपल्या संपल्या. दिवाळीनंतर कात्री लावलीत तर पुढच्या फुलांच्या फांद्याच जातील. त्याच छाटणीतल्या, ना कोवळ्या ना जून, चार-पाच इंची काड्या पावसात ओल्या रेतीत खोचा. दीड-दोन महिन्यांत मुळं फुटतात.