तुम्ही विचारलंत म्हणून: खाणीच्या कागदावर मी सही का केली

हा प्रश्न मला लोकांनी आमच्या बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरच्या बसस्टँडवर विचारलाय, बँकेच्या रांगेत विचारलाय आणि एकदा सासूबाईंच्या बाराव्याला, पंगत वाढताना विचारलाय. "ताई, तुम्ही तवा पंचायतीच्या मेंबर होतासा की. मग खाणीच्या कागदावर सही कशी केलासा?" विचारणारा बहुतेक वेळा उत्तर सोबत घेऊनच येतो. कागद कन्नडमध्ये होता, तुम्हाला वाचता आला नाही, तुम्हाला फसवलं. मी काही बोलले नाही की त्याला वाटतं, आपलंच खरं. तो हळहळतो आणि निघून जातो.

ते गप्प बसणं माझं चुकलं. कागद मला वाचता आला होता.

मी मराठी शाळेत शिकले, पण माझं माहेर हुक्केरी तालुक्यातलं. घराच्या एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला कन्नड. कन्नड मी सावकाश वाचते, जोडाक्षराला अडखळते, पण वाचते. त्या कागदावर वरच 'कल्लु गणि' असं होतं, म्हणजे दगडाची खाण. खाली तक्ता होता. सर्व्हे नंबर, एकर, गुंठे आणि शेवटच्या रकान्यात बहुतेक ठिकाणी एकच शब्द, 'खराबु', म्हणजे लागवडीला न येणारी जमीन. हे सगळं मी वाचलं, समजून घेतलं, आणि मग सही केली.

२०१७ चा पावसाळा होता. आमच्याकडचा पाऊस ज्यांनी पाहिलाय त्यांना सांगायला नको. मलप्रभा कणकुंबीला उगम पावते, तिथून आमच्यापर्यंत येईस्तोवर आषाढात ती ओळखू येत नाही. पंचायतीच्या हॉलमध्ये लाइट गेली होती. सर्व्हेचा माणूस, पीडीओ (पंचायतीचा विकास अधिकारी) आणि आम्ही मेंबर मोबाईलच्या उजेडात बसलो होतो. रोप लावणीचे दिवस. माझ्या शेतात सहा बाया कामाला होत्या, दुपारची भाकरी मला न्यायची होती, आणि माझं अर्धं लक्ष घड्याळाकडे होतं. हे मी सबब म्हणून सांगत नाही. त्या दिवशी डोक्यात काय होतं ते सांगतेय.

यादीत अकरा नंबर होते. सर्व्हेचा माणूस सरळ होता. तो म्हणाला, पुढच्या काही वर्षांत या तालुक्यात कुठं कुठं दगड काढता येईल त्याची माहिती वर पाठवायची आहे. सरकारी जागा आहेत, कुणाची हरकत असेल तर आत्ता सांगा. मग सुरू झालं. एकजण म्हणाला, हा नंबर नको, त्याला लागून आमच्या भावकीचा ऊस आहे. दुसरा म्हणाला, हा नको, वर देऊळ आहे. तिसऱ्याने बायकोच्या माहेरच्या विहिरीचं सांगितलं. प्रत्येक वेळी त्या माणसाने पेन्सिलीने नंबरावर रेघ मारली. मीही एक नंबर काढायला लावला. माझ्या धाकट्या दिरांची काजू त्याला लागून आहे. रेघ मारल्यावर मला बरं वाटलं, आपण बोललो, आपलं ऐकलं गेलं असं वाटलं.

अकराचे चार राहिले. त्यातला एक नंबर वरच्या माळाचा. त्यावर कुणीच काही बोलेना. सर्व्हेच्या माणसाने दोनदा विचारलं. दुसऱ्यांदा विचारलं तेव्हा मी म्हणाले, "तो माळ पडीकच आहे की. तिथं काय पिकतंय?"

हे वाक्य मी म्हणाले. कन्नडमध्ये म्हणाले, म्हणजे त्याला नीट कळावं म्हणून. कागदाची भाषा मला येत नव्हती असं जे तुम्ही म्हणता, त्याच भाषेत मी तो माळ देऊन टाकला.

त्या माळाच्या पलीकडच्या उतारावर गवळी धनगरांचा वाडा होता. सात घरं. त्यांच्या म्हशी पिढ्यान् पिढ्या त्याच माळावर चरायच्या. माळाच्या कडेला, जांभा संपून काळा दगड सुरू होतो तिथं, एक झरा होता. ज्यांना सडा, म्हणजे जांभ्या दगडाचा माळ, माहीत आहे त्यांना हे माहीत असतं. जांभ्याला भोकं असतात, पावसाचं पाणी त्यात मुरतं, खाली घट्ट दगड लागला की कडेने बाहेर येतं. खडी करणाऱ्या क्रशरला हवा असतो तो खालचा काळा दगड. त्यासाठी वरचा जांभा आधी खरवडून काढावा लागतो. पाणी धरणारा थर जातो, मग सुरुंग लागतात. हे भूगर्भशास्त्र मी नंतर वाचून शिकले असं नाही. झरा कुठून येतो ते मला लग्न होऊन आले त्याच वर्षी सासऱ्यांनी दाखवलं होतं. मी त्याचं पाणी प्यायले होते. तरीही मी म्हणाले, पडीक.

वाड्यावरचं कुणी त्या बैठकीला नव्हतं. त्या पावसात दोन ओढे ओलांडून यायचं कसं? त्यांना बैठकीची दवंडी गेली होती का, हे मी तेव्हा विचारलं नाही. विचारायला हवं होतं असं आत्ता म्हणते, पण खरं सांगायचं तर ते आले नाहीत हे त्या दिवशी माझ्या लक्षातही आलं नव्हतं.

२०१९ मध्ये तिथं मशिनी चढल्या. तोवर लिलाव, परवाना सगळं वरच्या वर झालं होतं. पहिल्या उन्हाळ्यात झऱ्याचं पाणी गढूळ झालं, दुसऱ्या उन्हाळ्यात तो मार्चमध्येच आटला. सुरुंगाच्या आवाजाने म्हशी माळावर चढेनात. मग एक दिवस वाड्यावरची एक बाई, माझ्याच वयाची, माझ्या दारात आली. तिला रहिवासी दाखल्यासाठी मेंबरची सही हवी होती. ते सगळं घर घेऊन हल्याळकडे नातलगांच्या वाड्यावर चालले होते, तिथं पोरांच्या शाळेला कागद लागणार होता. मी चहा केला. तिने माळाचा विषय काढला नाही. मला वाटतं तिला यादीबद्दल काही ठाऊकच नव्हतं. मी दाखल्यावर सही केली. ती कागद पदरात गुंडाळून, पाऊस नव्हता तरी गुंडाळून, निघून गेली. तिला मी काही सांगितलं नाही. आजही ती भेटली तर सांगेन का, माहीत नाही.

आता माझी बाजू. ती मला मांडायचीच आहे, कारण ज्यांनी स्वतःच्या भावकीचा नंबर वाचवला तेही मला हाच प्रश्न विचारतात.

आमच्या सहीने खाण आली नाही आणि आमच्या हरकतीने अडली नसती. गौण खनिजाचे, म्हणजे दगड-वाळूसारख्या खनिजांचे, नियम करायचा अधिकार १९५७ च्या खाण कायद्याने राज्य सरकारला दिलाय. कर्नाटकाचे नियम १९९४ चे. परवाना खाण आणि भूविज्ञान खातं देतं. ७३ व्या घटनादुरुस्तीने पंचायतींना द्यायच्या विषयांची जी यादी केली त्यात २९ विषय आहेत: पिण्याचं पाणी आहे, रस्ते आहेत, चारा आहे, गौण खनिज नाही. ग्रामसभेची किंवा पंचायतीची शिफारस घेतल्याशिवाय खाण द्यायची नाही, असं १९९६ चा पेसा कायदा सांगतो, पण तो घटनेच्या पाचव्या अनुसूचीतल्या आदिवासी भागांसाठी, आणि कर्नाटकात असा भाग एकही नाही. म्हणजे ज्या माळाचं पाणी आम्ही पितो त्याबद्दल 'नको' म्हणायचा कायदेशीर हक्क आमच्या पंचायतीला नव्हता.

हे मी पुष्कळ जणांना ऐकवलंय. ऐकणारे गप्प होतात. पण मी स्वतः गप्प होत नाही, कारण यातलं काहीही मला २०१७ साली माहीत नव्हतं. माझी समजूत होती की आमची सही मोलाची आहे. खाण अडवायची ताकद हातात आहे असं समजूनच मी ती केली. मग कायद्याने ताकद नव्हती हे आज सांगून माझं काय सुटतं?

दुसरी गोष्ट भाषेची. मराठीत कागद द्या यासाठी मी मोर्चात चाललेय, तहसीलदार कचेरीसमोर बसलेय. भाषिक अल्पसंख्य किमान १५ टक्के असतील तिथं महत्त्वाच्या सूचना त्यांच्या भाषेतही द्यायच्या, हे संरक्षण कागदावर आहे. घटनेचं ३५० वं कलम तर कुणालाही आपलं गाऱ्हाणं राज्यात वापरात असलेल्या कुठल्याही भाषेत मांडू देतं. ही मागणी मी सोडलेली नाही, सोडणारही नाही. पण बसच्या पाट्या, उतारे, कराची बिलं, मतदार याद्या मराठीत मागितल्या आम्ही. खाणींची यादी मराठीत द्या असं एकदाही मागितलं नाही. तेव्हाची मी म्हणायची, आधी भाषा मिळू दे, बाकीचं मागाहून बघू. आज मला तिच्याशी भांडावंसं वाटतं. पण भाषा मिळाली असती तरी काय झालं असतं? तो तक्ता मराठीत आला असता तर 'खराबु'च्या जागी 'पोटखराबा' लिहिलं असतं. झरा तिथंही नसता. वाडा तिथंही नसता. आणि मी तिथंही पडीकच म्हटलं असतं.

यादीचं महत्त्व मला उशिरा कळलं. २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने दीपक कुमार विरुद्ध हरियाणा या खटल्यात सांगितलं की ५ हेक्टरच्या आतल्या छोट्या खाणींनाही पर्यावरणाची मंजुरी लागेल. त्यानंतर १५ जानेवारी २०१६ च्या केंद्राच्या अधिसूचनेने प्रत्येक जिल्ह्याला वाळू आणि इतर गौण खनिजांचा सर्वेक्षण अहवाल करायला लावला. कुठं काय आहे, कुठून काढता येईल, कुठून नाही, ते त्यात लिहायचं. मंजुरीचा अर्ज त्याच्याच आधारावर. मसुदा जिल्हाधिकारी कचेरीत ठेवायचा, जिल्ह्याच्या वेबसाइटवर २१ दिवस टाकायचा, लोकांच्या सूचना घ्यायच्या आणि दर पाच वर्षांनी अहवाल नवा करायचा. मशिनी चढल्यावर रस्ता अडवणारे आम्ही, या २१ दिवसांत कुठं होतो? ती वेबसाइट आमच्यापैकी एकानेही उघडली नव्हती. मला मेंबर म्हणून ती उघडायला हवी होती.

अहवाल नवा करायच्या मागच्या खेपेला आम्ही काहीजणांनी आपली यादी केली. एका बाजूला सर्व्हे नंबर आणि समोर गावातलं नाव: कोंड, पाणंद, देवराई, म्हशींची वाट, झरा. मराठीत लिहिली, शाळेच्या एका गुरुजींनी शेजारी कन्नडमध्ये उतरवून दिली. वाड्यावर आता तीन घरं उरलीत. या वेळी तिथं आम्हीच चढून गेलो. त्यांनी आम्हाला चौदा जागा सांगितल्या. त्यातल्या नऊ मला ऐकूनही माहीत नव्हत्या, आणि मी या गावात तीस वर्षं नांदतेय. यादी बेळगावला डीसी ऑफिसात, म्हणजे जिल्हाधिकारी कचेरीत, दिली. पोच घेतली. उत्तर आलेलं नाही.

आता जी गोष्ट कुणी विचारत नाही ती. त्या यादीला आम्ही शेवटी एक रकाना ठेवला होता: 'इथं दगड काढला तर चालेल'. मीच ठेवायला लावला होता. सगळीकडे नको म्हणायचं आणि मग कुणी तरी दुसऱ्याचा माळ देऊन टाकणार, हे मी एकदा केलेलं आहे. दगड तर लागतो. बेळगाव-पणजी रस्ता रुंद झाला तो खडीवरच. नदीची वाळू रात्रीअपरात्री उपसून मलप्रभेचं पात्र खोल गेलं, ते थांबावं म्हणूनच दगड दळून केलेली वाळू वापरा म्हणतात. माझ्या घराचा स्लॅब २०२१ साली घातला, त्याची खडी त्याच वरच्या माळाची. पुतण्या टिप्पर चालवतो, त्याच्या पगारावर त्याच्या दोन मुली बेळगावात शिकतात.

तर त्या संध्याकाळी देवळाच्या ओसरीवर यादी वाचून झाली आणि मी तो शेवटचा रकाना वाचला. कुणी बोललं नाही. पुतण्या कडेला उभा होता. तो म्हणाला, "काकी, मग खडी आणायची कुठनं? ते पण लिवा की." मी पेन हातात धरून बराच वेळ बसले. एक नंबर माझ्या मनात होता. त्याला लागून कुणाचीच शेती नाही, पाण्याचं कुणी काही सांगितलं नव्हतं. लिहायला गेले आणि थांबले. वरच्या माळाबद्दलही मी नेमकं असंच बोलले होते.

यादी तशीच दिली, तो रकाना कोरा ठेवून.