२एसने खाल्लेले माझे पाच महिने

काम कागदावर सोपं होतं. फळमाशीच्या मादीचे अंडाशय आणि नराची वृषणं काढायची, दोन्हींतले पायआरएनए म्हणजे छोटे आरएनए वाचायचे, आणि जननपेशींत उड्या मारणाऱ्या जनुकांना गप्प बसवणारे हे तुकडे नरात कोणते, मादीत कोणते ते मांडायचं. डिसेक्शनला हात बसायला आठवडा लागला, बास.

अडलं ते २एसपाशी. फळमाशीत राइबोसोमल आरएनएचा, म्हणजे पेशीत प्रथिनं घडवणाऱ्या यंत्राच्या आरएनएचा, हा ३० अक्षरांचा तुकडा असतो आणि आपले पायआरएनए २३ ते २९ अक्षरांचे. जेलवर तुकडे लांबीप्रमाणे वेगळे होतात, लांब वर, आखूड खाली; तिथे हे दोन्ही अगदी खेटून. ब्लेड केसभर वर सरकलं की संपलं. सिक्वेन्सिंगच्या रांगेत सहा आठवडे काढल्यावर हाती आलेल्या लायब्ररीत, म्हणजे वाचायला तयार केलेल्या तुकड्यांच्या संचात, निम्म्याहून जास्त रीड्स (वाचलेले तुकडे) २एसचे! वर ‘वृषणात पायआरएनए कमी’ असा देखणा आलेखही निघाला. मी तो सरांना दाखवलासुद्धा. नर-मादीतला फरक नव्हताच तो; वृषणांचं जेल मी जरा वरून कापलं होतं. अजून आठवलं की कान तापतात.

दुसऱ्या खेपेला घाबरून खालून कापलं, तर लांबीने मोठे पायआरएनएच गेले. तिसऱ्यांदा पेरआयोडेट हे रसायन वापरलं. पायआरएनएच्या ३ प्राइम टोकावर मिथाइल गट असतो, म्हणून ते त्यातून बचावतात. २एसचं टोक उघडं, ते ऑक्सिडाइज होतं आणि त्याला सिक्वेन्सिंगसाठी टोकाला जोडायचा तुकडा, म्हणजे अॅडॉप्टर चिकटत नाही. झकास! फक्त त्यात बहुतेक मायक्रोआरएनएही (छोट्या आरएनएचा दुसरा प्रकार) जातात, आणि दोन अवयवांची तुलना करायला मी त्यांनाच माप धरणार होते. शेवटी उपयोगी पडला तो २एसला पूरक असा डीएनएचा छोटा तुकडा. ५ प्राइम अॅडॉप्टर जोडण्याआधी तो घालायचा. तो २एसला धरून बसतो. हे पहिल्या दिवशी कोणी का सांगत नाही?

हो, आणि वृषणांना चिकटून येणाऱ्या सहायक ग्रंथी काढून टाका. अंडाशयात तर अंड्याभोवतीच्या फॉलिकल पेशीही असतात, त्या जननपेशी नव्हेत. त्यांचे पायआरएनए मुख्यतः डीएनएवरच्या फ्लेमेंको या जागेतून येतात. ते जननपेशींच्या खात्यात मांडू नका.

चौथ्या लायब्ररीत अंडाशयाकडे ४२एबी या पायआरएनए देणाऱ्या जागेचा डोंगर होता, आणि वृषणाकडे वाय गुणसूत्रावरच्या ‘सप्रेसर ऑफ स्टेलेट’चा. मादीला वाय नसतो. हेच पायआरएनए एक्सवरच्या स्टेलेट जनुकांना दाबून ठेवतात. ते नसले तर शुक्राणू घडवणाऱ्या पेशींत प्रथिनाचे सुईसारखे किंवा चांदणीसारखे स्फटिक साठतात. स्टेलेटला छोटे आरएनए दाबतात हे २००१ सालीच छापून आलंय, माझ्या आलेखात नवं काही नव्हतं. तरी मी तो तीनदा छापून घेतला. ३० च्या खुणेवर एक बारीक रेघ उरली होती, तेवढीच.