रूरच्या खोऱ्यातला स्त्रीजीवनाचा चित्रपट महोत्सव आणि चोपड्याकडची एक संध्याकाळ

जर्मनीच्या पश्चिमेला, रूर नदीच्या खोऱ्यात, कोळशाच्या खाणींवर वाढलेल्या एका लहान शहरात मी राहते. या भागातली दगडी कोळशाची शेवटची खाण २०१८ च्या डिसेंबरमध्ये बॉट्रॉप येथे बंद झाली. पण खाणींच्या निमित्ताने देशोदेशींहून आलेली कुटुंबे इथेच राहिली आणि आता त्यांची तिसरी-चौथी पिढी इथल्या शाळांत शिकते. अशा या शहरात दरवर्षी ८ मार्चच्या आसपास जगभरातल्या स्त्रियांच्या जीवनावरचे चित्रपट दाखवणारा एक छोटा महोत्सव भरतो. त्यामागे कोणतीही मोठी संस्था नाही. सार्वजनिक वाचनालयातल्या दोघी कर्मचारी, काही निवृत्त शिक्षिका, एक परिचारिका आणि माझ्यासारख्या बाहेरून आलेल्या काही जणी मिळून तो चालवतात. खान्देशात बचत गट, वाचनालये आणि महिला मंडळे चालवणाऱ्या माझ्या मैत्रिणींसाठी मी हे लिहीत आहे, कारण इथे पाहिलेली एक साधी पद्धत आपल्याकडे फार उपयोगाची आहे, अशी माझी खात्री झाली आहे.

स्त्रियांनी केलेले आणि स्त्रियांविषयीचे चित्रपट मुद्दाम एकत्र दाखवण्याची चळवळ जर्मनीत जुनी आहे. १९७३ मध्ये हेल्के झांडर आणि क्लाउडिया फॉन आलेमान या दिग्दर्शिकांनी बर्लिनमध्ये स्त्रियांच्या चित्रपटांवर पहिले चर्चासत्र भरवले. पुढे १९८४ मध्ये कोलोनला आणि १९८७ मध्ये आमच्या शेजारच्या डॉर्टमुंडला असे महोत्सव सुरू झाले आणि २००६ मध्ये ते दोन्ही एकत्र आले. आमचा महोत्सव या परंपरेचे अगदी लहान, गल्लीतले रूप आहे. तिकीट नसते, दाराशी एक डबा ठेवलेला असतो आणि ज्याला जमेल त्याने त्यात जमेल तेवढे टाकावे.

इथे पाहिलेल्या चित्रपटांपैकी ‘वाज्दा’ मला सर्वांत जवळचा वाटतो. रियाधमधल्या एका दहा वर्षांच्या मुलीला हिरवी सायकल हवी असते आणि त्यासाठी पैसे जमवायला ती कुराणपठणाच्या स्पर्धेत उतरते, एवढीच त्याची गोष्ट. तो २०१२ चा. दिग्दर्शिका हैफा अल मन्सूर यांना रस्त्यावरच्या प्रसंगांत पुरुष सहकाऱ्यांबरोबर उघडपणे वावरता येत नव्हते, म्हणून त्यांनी एका व्हॅनमध्ये बसून वॉकीटॉकीवरून सूचना देत ते प्रसंग चित्रित केले. त्या वेळी सौदी अरेबियात चित्रपटगृहेच नव्हती. अनेक दशकांच्या बंदीनंतर ती २०१८ मध्ये पुन्हा उघडली. सायकल मिळाली म्हणून आठवीनंतरही शाळेत जाऊ शकलेल्या मुली आपल्या यावल-रावेरकडे मी पाहिल्या आहेत, त्यामुळे या गोष्टीतली सायकल मला कधीच क्षुल्लक वाटली नाही.

दुसरा उल्लेख ‘हनीलँड’ या २०१९ च्या माहितीपटाचा करते. उत्तर मॅसेडोनियातल्या एका ओसाड गावात, जिथे वीज नाही, नळ नाही, तिथे हातिजे मुरातोवा आपल्या अंथरुणाला खिळलेल्या आईसह राहते आणि रानातल्या मधमाश्यांचा मध काढते. अर्धा मध आपल्याला आणि अर्धा माश्यांना, हा तिचा नेम. या मायलेकी तुर्कीची एक बोली बोलतात, जी चित्रपट करणाऱ्यांना समजत नव्हती. म्हणून चारशे तासांहून अधिक चित्रीकरणाचे संकलन त्यांनी सुरुवातीला शब्दांवर विसंबून न राहता केवळ दृश्यांच्या आधारे केले. तो चित्रपट पाहताना हे जाणवते. हातिजेचे हात, तिचे चालणे, आईला भरवणे यांतूनच बहुतेक सगळे कळते.

मात्र प्रत्येक चित्रपट असा नसतो. बहुतेकांत माणसे बोलतात, भांडतात, समजूत घालतात, आणि ते बोलणे पडद्याच्या तळाशी अक्षरांत उमटते. जर्मनीत परदेशी चित्रपट बहुधा जर्मन आवाज देऊनच दाखवले जातात, त्यामुळे इथल्या वृद्ध जर्मन बायकांनाही पडद्यावरचे वाचण्याची सवय नाही. १९६१ च्या करारानंतर तुर्कस्तानातून आलेल्या कामगारांच्या घरांतल्या आज्यांची अडचण तर त्याहून मोठी, कारण त्यांच्यातल्या कितीतरी जणींना शाळेचा दरवाजाच दिसला नव्हता. म्हणजे ज्या स्त्रियांच्या आयुष्याविषयी आपण चित्रपट दाखवतो, त्यांच्यासारख्याच स्त्रिया सभागृहात असूनही चित्रपटाबाहेर राहतात. माझ्या मते अशा कोणत्याही उपक्रमातला हा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे आणि तो चित्रपटांच्या निवडीइतक्याच गांभीर्याने घ्यायला हवा.

यावर आमच्या समितीने काढलेला मार्ग बर्लिनच्या मोठ्या चित्रपट महोत्सवातल्या मुलांच्या विभागाकडून घेतलेला आहे. तिथे लहान मुलांना भराभर वाचता येत नाही, म्हणून चित्रपट चालू असताना एक जण माइकवरून सगळे संवाद जर्मनमध्ये बोलतो. आमच्याकडे हे काम सभागृहाच्या मागच्या कोपऱ्यात एका छोट्या टेबलाशी चालते. वाचणारीपुढे संवादांची छापील प्रत असते, तिच्यावर फक्त कागदापुरता उजेड पाडणारा दिवा असतो आणि कागदाच्या समासात पेन्सिलीने खुणा केलेल्या असतात: इथे थांब, इथे दोघी एकदम बोलतात, इथे मूळ हुंदका ऐकू येऊ दे. सगळ्या पात्रांना आवाज एकच. वाचणारी अभिनय करत नाही. पडद्यावरच्या बाईने वाक्य सुरू केले की क्षणभर थांबून, तिचा मूळ आवाज खालून ऐकू येईल अशा बेताने ती बोलते. सुरुवातीची काही मिनिटे हे विचित्र वाटते, मग वाचणारीचा आवाज विसरायला होतो. पण तयारी खूप लागते. घरी तो चित्रपट प्रतीबरोबर दोन-तीनदा पाहिल्याशिवाय कोणी माइकसमोर बसत नाही.

गेल्या हिवाळ्यात मी घरी आले तेव्हा चोपडा तालुक्यात मावशीच्या गावी आम्ही हेच करून पाहिले. आमच्या महोत्सवात एका विद्यार्थिनीने केलेला छोटा माहितीपट दाखवला होता. मोरोक्कोच्या नैऋत्य भागात अर्गान नावाच्या झाडाच्या बिया फोडून तेल काढणाऱ्या स्त्रियांच्या सहकारी संस्था आहेत, त्यांपैकी एकीतल्या कामाविषयीचा तो चित्रपट. चित्रपट आपल्याजवळ असला तरी चारचौघांत दाखवायला हक्क असणाऱ्याची परवानगी लागते. तिने ती आनंदाने लिहून दिली आणि संवादांची प्रतही पाठवली. मी त्यांचे मराठी केले आणि गावातल्या अंगणवाडीच्या ताईंनी ते अहिराणीत बोलायचे ठरवले. माझ्या पुस्तकी वाक्यांवर त्यांनी इतक्या काटछाटी केल्या की शेवटी ती प्रत त्यांचीच झाली, आणि ते योग्यच होते.

वेळेवर बराच खल झाला. दुपारी बायका शेतात, सायंकाळी चूल आणि पाणी. जेवणे आटोपल्यावरच त्या मोकळ्या होणार, म्हणून साडेआठला मंदिराच्या सभामंडपात पांढरी चादर ताणली. जर्मनीत आम्ही रविवारची दुपार ठेवतो आणि मुलांसाठी शेजारच्या खोलीत खेळ मांडतो. इथे मुले मांडीवरच झोपली.

पडद्यावर बायका जमिनीवर बसून मांडीजवळच्या दगडावर बी ठेवत होत्या आणि दुसऱ्या दगडाने अचूक घाव घालून आतला गर काढत होत्या. अर्गानच्या बीचे कवच फार टणक असते. यंत्राने फोडण्याचे प्रयत्न झाले, तरी हे काम अजूनही मुख्यतः हातानेच होते. गर भाजून दगडी जात्यावर दळण्याचे दृश्य आले तेव्हा पुढे बसलेल्या एक आजी मोठ्याने म्हणाल्या, “त्यासनाकडे बी जातं शे का!” मग दळलेल्या लगद्यात कोमट पाणी घालून तो मळताना हळूहळू तेल सुटते, ते पाहायला सगळ्या जणी पुढे सरकल्या. या ज्ञानाची आणि पद्धतीची नोंद युनेस्कोने २०१४ मध्ये मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत केली आहे. मी ते सांगितले. पण त्यांचे लक्ष दुसरीकडेच होते.

“किलोले काय भाव देतस?” हा पहिला प्रश्न आला. तिथे मोबदला फोडलेल्या गराच्या वजनावर मिळतो, हे ऐकताच सभामंडपाचा रंगच बदलला, कारण कापूस वेचणीची मजुरी आपल्याकडेही किलोवरच ठरते. चित्रपटात एक बाई तराजूजवळ बसून वहीत आकडे लिहिते, ते दृश्य त्यांनी पुन्हा लावायला सांगितले. ती कोण, मालकीण की मुनीम? ती त्यांच्यातलीच एक सभासद आहे, हे कळल्यावर चर्चा पुढची तासभर तराजूवरच झाली. आपल्या गाठोड्याचे वजन कोण करतो, ओलाव्याच्या नावाखाली किती कापतो, काट्याजवळ आपल्यातली कोणी उभी का राहत नाही, असे प्रश्न निघत गेले. बचत गटाची वही आपण लिहितो, मग वेचणीची का नाही, असे एका तरुण सुनेने विचारले, आणि तिच्या सासूनेच तिला दुजोरा दिला. आमच्या जर्मन सभागृहात याच चित्रपटावर झालेली चर्चा चांगली होती. पण ती प्रामुख्याने ते तेल बाजारात विकत घेणाऱ्यांची होती. तराजूकडे तिथे कोणाचे लक्ष गेले नव्हते.

अहिराणीतला तो आवाज नसता तर यातले काहीच झाले नसते, असे मला ठामपणे वाटते. पडदा, प्रोजेक्टर, ध्वनिक्षेपक हे आज कोणत्याही गावातल्या शाळेत किंवा लग्नाच्या मंडपवाल्याकडे मिळते. संवाद नीट ऐकवणारी, गावची बोली जिच्या तोंडी सहज आहे अशी बाई शोधणे आणि तिला तयारीला वेळ देणे, हेच खरे काम. तिला त्याचे मानधनही द्यावे. ती आठवडाभर रात्री जागून तयारी करते.

येत्या फेब्रुवारीत, वेचणी आटोपल्यावर, मावशीच्या गावासह आणखी दोन गावांत असे कार्यक्रम करण्याचे चालले आहे. एका गावात लेवा बोलीत वाचणारी हवी आहे आणि सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यावर पावरी बोलणारी. मी चित्रपटांच्या परवानग्या आणि मराठी संहिता पाठवीन. तुमच्या ओळखीत अशी कोणी स्पष्ट, न घाबरता बोलणारी असेल, तर दिवाळीपूर्वी तिला संहिता मिळायला हवी.