गीझर भंगारात घालण्याआधी

गीझर लावला की थोड्या वेळाने अख्ख्या घराची वीज जायची. गीझरची स्वतःची एमसीबी, म्हणजे आपोआप पडणारी सुरक्षेची कळ, जागच्या जागी असायची. पडायची ती मुख्य बोर्डातली दुसरी सुरक्षेची कळ, आरसीसीबी. ती वर केली की दिवे येत, आणि गीझर बंद ठेवला तर दिवसभर काही होत नसे. दुरुस्तीवाल्याने झाकणाला हातही न लावता निकाल दिला, "ताई, एवढी वर्षं वापरलात ना? मग वसूल झाला. टाकी गेली असणार. नवाच घ्या." नवा घेण्याइतका हात त्या महिन्यात मोकळा नव्हता. शिवाय टाकी गेली असती तर खाली पाणी ठिबकायला हवं होतं, आणि गीझरखालची फरशी तर कोरडी ठणठणीत.

कमी पैशांत काम उरकायचं तर कुठला पार्ट विकत घ्यायचा नाही, हे आधी ठरवावं लागतं. अंदाजाने कॉइल बदलली, मग थर्मोस्टॅट बदलला, मग कटआऊट (पाणी फार तापलं तर वीज तोडणारा पार्ट) बदलला असं करत गेलं की नव्या गीझरच्या किमतीच्या जवळपास कधी पोचतो ते कळतही नाही. म्हणून माझा पहिला खर्च व्होल्ट, रोध वगैरे मोजणारा साधा मल्टिमीटर. तो घरात पुढेही उपयोगी पडतो.

खरं तर मल्टिमीटर लावायच्या आधीच निम्मं निदान झालं होतं, कारण कुठली कळ पडते यातच बरंच काही कळतं. एमसीबी पडते ती जास्त करंट ओढला गेला तर, म्हणजे ओव्हरलोड किंवा शॉर्ट सर्किट असेल तर. आरसीसीबीला करंट किती आहे याच्याशी देणंघेणं नसतं. फेजमधून गेलेला करंट न्यूट्रलमधून पुरता परत आला का, एवढंच ती पाहते. घरातली आरसीसीबी साधारण ३० मिलिअँपिअरची असते. तेवढा फरक पडला, म्हणजे तेवढा करंट दुसऱ्या कुठल्या वाटेने जमिनीत चालला, की ती वीज तोडते. आमच्याकडे तीच पडत होती, तेव्हा कुठून तरी करंट अर्थिंगकडे गळत होता. त्याच सॉकेटवर दुसरं उपकरण बराच वेळ चालवून पाहिलं, काही झालं नाही. वायरिंग संशयातून सुटलं, गीझर सापडला.

इथे एक सल्ला मिळाला, तो सांगितल्याशिवाय राहवत नाही. "आरसीसीबीच नाजूक झाली असेल, गीझर तिला बायपास करून डायरेक्ट जोडून घ्या." हा सल्ला देणारे प्रेमाने देतात आणि तो सर्वांत स्वस्तही असतो. पण गळणारा करंट त्याने थांबत नाही, तो दिसायचा फक्त बंद होतो. अर्थिंग चांगलं असेल तर करंट तिकडून मुकाट वाहत राहील, आणि अर्थिंगची वायर कधी सुटली तर टाकीच्या पत्र्यातून पाण्यात आणि पाण्यातून अंघोळ करणाऱ्याच्या अंगात. ओलं अंग, ओली जमीन, अनवाणी पाय. ३० मिलिअँपिअर हा आकडा उगाच ठरलेला नाही. त्याच्या वरचा करंट छातीतून काही क्षण वाहिला तरी हृदयाची लय बिघडण्याचा धोका असतो. पैसे नसतील तर थोडे दिवस पातेल्यात पाणी तापवावं, पण हे करू नये.

मग गीझर उघडायला घेतला. नुसती भिंतीवरची कळ बंद करून मी थांबले नाही. कळ फेजऐवजी न्यूट्रलवर बसवलेली घरं असतात, आणि तिथे कळ बंद असली तरी आत फेज जिवंत असतो. म्हणून प्लग सॉकेटमधून ओढून बाहेर काढला आणि डोळ्यांसमोर लोंबता ठेवला. खालचं प्लॅस्टिकचं झाकण निघालं की सगळा संसार दिसतो: कॉइलची दोन टोकं, थर्मोस्टॅट, त्याच्या शेजारी लहान बटण असलेला कटआऊट, आणि हिरवी अर्थिंगची वायर. वायरी काढण्याआधी मोबाइलवर फोटो काढून ठेवले.

कॉइलच्या वायरी सोडवून दोन टोकांमध्ये मीटर धरला. २३० व्होल्टवर २००० वॅटची कॉइल म्हणजे करंट ८.७ अँपिअर, आणि रोध साधारण २६ ओहम यायला हवा. माझ्या मीटरवर २७ आला. म्हणजे कॉइलची आतली तार शाबूत. पुष्कळ जण इथेच कॉइलला पास करून थर्मोस्टॅटकडे वळतात. पण आपला प्रश्न 'पाणी तापत नाही' हा नव्हता, 'करंट गळतो' हा होता. मग मीटरची एक पिन कॉइलच्या टोकाला आणि दुसरी टाकीच्या अर्थिंगच्या स्क्रूला लावली. चांगल्या कॉइलमध्ये इथे मीटरला करंटची वाटच सापडायला नको. माझ्याकडे आकडा चार-पाच किलोओहमच्या आसपास हेलकावत होता. २३० व्होल्टला ३० मिलिअँपिअर गळायला साडेसात-पावणेआठ किलोओहम पुरे होतात, इथे तर रोध त्याहून कमी, म्हणजे गळती त्याहून जास्त. चोर सापडला.

कॉइलची रचना पाहिली की हे कोडं उलगडतं. आपल्याला दिसते ती वरची धातूची नळी. तिच्या आत मधोमध तापणारी तार, आणि दोहोंच्या मध्ये मॅग्नेशियम ऑक्साइडची घट्ट दाबलेली भुकटी. ही भुकटी उष्णता जाऊ देते, वीज अडवते. पण तिला ओल चालत नाही. नळीला केसाएवढी चीर गेली की पाणी आत झिरपतं, भुकटी ओली होते आणि वीज अडवायचं काम सोडते. तार मात्र धडधाकट असते, म्हणून पाणी तापतं. आरसीसीबी नसलेल्या घरात असा गीझर महिनोन्‌महिने विनातक्रार चालू राहतो, याचा विचार केला की अंगावर काटा येतो.

साधा मल्टिमीटर काही व्होल्टवर मोजतो, त्यामुळे बारीक गळती त्याला दिसेलच असं नाही. त्यासाठी मेगर, म्हणजे ५०० व्होल्ट लावून गळती तपासणारा मीटर लागतो. पण मीटरलाच गळती दिसली तर मग शंकेला जागा उरत नाही.

थर्मोस्टॅट आणि कटआऊट दोन्ही काढून तपासले. थर्मोस्टॅट कमीत कमी तापमानावर ठेवून त्याची दांडी कढत पाण्याच्या पेल्यात बुडवली, वरची टोकं कोरडी ठेवून. थोड्या वेळात 'टक' वाजलं आणि मीटरवरचा मार्ग तुटला. गार झाल्यावर पुन्हा जुळला. उत्तम. कटआऊटही शाबूत. हे दोन्ही विकत घ्यायचे नाहीत, ठरलं.

पाणी काढणं हे मात्र कंटाळवाणं काम. गरम पाण्याचा नळ उघडून टाकी रिकामी होत नाही, कारण गरम पाणी बाहेर नेणारी नळी टाकीच्या आत थेट वरपर्यंत गेलेली असते. गार पाण्याचा कॉक बंद करून, गरम नळ हवा यायला उघडा ठेवून, गार पाण्याच्या बाजूचा जोड सोडवावा लागतो. तिथे नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी मागे जाऊ न देणारा) असेल तर तोही काढावा लागतो, नाहीतर तो आपलं काम इमानाने करत पाणी अडवून धरतो. खाली बादली. पंधरा लिटर पाणी आपल्याला वाटतं त्यापेक्षा बरंच जास्त असतं.

बोल्ट सोडून कॉइलची ताटली खाली ओढली तर ती सहज येईना. क्षारांचा थर एवढा माजला होता की कॉइल तोंडातून बाहेर निघेना. हळूहळू फिरवत काढली. जड पाण्यात विरघळलेलं कॅल्शियम बायकार्बोनेट तापलं की न विरघळणारं कॅल्शियम कार्बोनेट होऊन बसतं, आणि बसतं ते सगळ्यात गरम जागी, म्हणजे कॉइलवरच. त्या कवचाखाली नळी पाण्याला उष्णता नीट देऊ शकत नाही, स्वतःच जास्त तापते आणि शेवटी चिरते.

ताटलीवर आणखी एक गोष्ट असायला हवी होती, तिची फक्त लोखंडी तार शिल्लक होती: मॅग्नेशियमचा अ‍ॅनोड. हा दांडा झिजण्यासाठीच बसवतात. टाकीच्या पोलादाआधी गंज याला खातो. ही युक्ती गीझरपेक्षा फार जुनी. हम्फ्री डेव्ही यांनी १८२४ मध्ये ब्रिटिश आरमाराच्या जहाजांचा तांब्याचा पत्रा वाचवण्यासाठी त्याला जस्ताचे आणि लोखंडाचे तुकडे जोडून पाहिले. तांबं गंजायचं थांबलं, पण गंजणाऱ्या तांब्यामुळे दूर राहणारे समुद्री जीव मग जहाजाच्या बुडाला मजेत चिकटू लागले, आणि आरमाराने तो प्रयोग सोडून दिला. आमच्या टाकीत अ‍ॅनोड संपून किती काळ गेला होता कुणास ठाऊक. आतून टॉर्चने पाहिलं तर काचेचा लेप जागेवर होता, गंज नव्हता. टाकी गेली म्हणणाऱ्याने हे पाहायला हवं होतं.

खरेदी एवढीच: त्याच मापाची नवी कॉइल, रबरी गॅस्केट, अ‍ॅनोड आणि दोन लग, म्हणजे वायरीच्या टोकाला दाबून बसवायचे धातूचे तुकडे. मापासाठी जुनी कॉइल सोबत नेली, हे फार बरं झालं, कारण ताटलीवरच्या बोल्टांच्या भोकांचं अंतर मॉडेलगणिक बदलतं. पाणी जड असेल तर तांब्याच्या कॉइलऐवजी इनकोलॉय या मिश्रधातूची घ्यावी. थोडी महाग, पण मी तिथे काटकसर केली नाही. गॅस्केट मात्र जुनं परत बसवायचा मोह कितीही झाला तरी टाळावा. दबलेलं रबर दुसऱ्यांदा नीट दबत नाही.

लग कशासाठी, तर कॉइलच्या एका टोकाची वायर तपकिरी होऊन कडक झाली होती. सैल जोडाचं हे लक्षण. त्या जोडात अर्धा ओहम रोध जरी आला तरी ८.७ अँपिअरला तिथे ३८ वॅट उष्णता तयार होते, म्हणजे २५ वॅटच्या सोल्डरिंग आयर्नपेक्षा जास्त, आणि तीही प्लॅस्टिकला चिकटून. जळका भाग कापून नवे लग दाबून बसवले.

टाकीतला क्षार लाकडी पट्टीने हलक्या हाताने सोडवला. लोखंडी काहीही आत घालू नये, काचेचा लेप उडाला की टाकी खरंच जाईल. चिवट थरावर सायट्रिक अ‍ॅसिडचं पाणी लावून ठेवलं, तो फसफसून सुटला, मग भरपूर पाण्याने धुतलं. ताटली बसवताना बोल्ट समोरासमोरचे आळीपाळीने आवळले. मग वीज न देता गार पाणी सोडलं आणि गरम नळातून फुरफुर थांबून अखंड धार येईपर्यंत थांबले. टाकी भरायच्या आधी वीज दिली तर कोरडी कॉइल पाहता पाहता जळते. झाकण उघडंच ठेवून गॅस्केटभोवती कोरडा कागद फिरवला. ओल लागली नाही.

शेवटची तपासणी पैसे देऊन करून घेतली. परवानाधारक इलेक्ट्रिशियनला बोलावून मेगरने कॉइल आणि सॉकेटचं अर्थिंग तपासून घेतलं, आरसीसीबीचं टेस्ट बटणही दाबून पाहायला लावलं. चालू विजेवर मोजमाप मी करत नाही, आणि हातात मल्टिमीटर आला म्हणून इतरांनीही करू नये. सगळं ठीक निघालं. मग थर्मोस्टॅट ६० अंशांवर ठेवला. त्याहून वर क्षार झपाट्याने धरतो. फार खाली ठेवलं तर कोमट साठलेल्या पाण्यात लिजिओनेलासारखे जिवाणू वाढायला वाव मिळतो. ६० अंशांचं पाणी काही सेकंदांत भाजतं, तेव्हा आधी बादलीत गार पाणी.

पाणी तापायला आता वीसेक मिनिटं लागतात. हिशोबानेही २५ अंशांचं १५ लिटर पाणी ६० वर न्यायला २००० वॅटला अठरा-एकोणीस मिनिटं हवीतच.

पहिल्याच वेळी तापताना व्हॉल्व्हमधून थेंब पडताना दिसले आणि घरच्यांनी "गळतंय, गळतंय" म्हणून ओरडा केला. ते गॅस्केटमधून नव्हतं. एवढं पाणी ६० अंशांपर्यंत तापताना साधारण २०० मिलिलिटरने फुगतं, आणि नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह त्याला मागे जाऊ देत नाही, म्हणून ते दाब सोडायच्या तोंडातून बाहेर पडतं. काही जण त्या तोंडात बूच मारतात, पण मग फुगलेल्या पाण्याला वाटच उरत नाही. मी तिथे बारीक नळी लावून तिचं टोक मोरीच्या जाळीवर सोडलं आहे.