रुपया सुट्टा

आज दादरला दुकानदाराने दोन रुपयांऐवजी गोळी हातावर ठेवली. "सुट्टे नाहीत, ताई." मी गोळी परत केली, पैसे मागून घेतले. गल्ल्यात होते!

चार आणे ३० जून २०११ला बंद झाले. आठ आणे कायद्याने अजून चालतात, पण मुंबईत घेतं कोण? आता रुपयाचीही तीच गत होणार का? रुपयाचं नाणं पाडायला १ रुपया ११ पैसे लागतात, असं टांकसाळीनेच २०१८ मध्ये सांगितलं होतं. लागू देत. नाणं एकदा वापरलं की संपत नाही, वर्षानुवर्षं फिरतं. ते गेलं की भाव वरच सरकणार, आणि भुर्दंड जुडी-जुडीचा हिशेब करणाऱ्यांना.

टिळक पुलाजवळ कोथिंबीरवाल्या मावशींनी मात्र ओल्या गोणपाटाखालून रुपया काढला, पदराला पुसला आणि माझ्या हातावर ठेवला.