शिफूंची दोन बोटं

दक्षिण चीनमधल्या फोशानच्या शुंद भागात मी मशीन तपासायला गेलो होतो. प्लायच्या कडेला पीव्हीसीची पट्टी चिकटवणारं एज बँडिंग मशीन. पुण्याला रवाना होण्याआधी ते चालवून बघायचं आणि सही करायची. पण दिवसभर पट्टी नखानं सुटत राहिली. गोंद हवा तेवढा तापत नव्हता. म्हातारे फिटर संध्याकाळपर्यंत त्याच्याशी झटत होते. सगळे त्यांना ‘शिफू’ म्हणत, आपण मिस्त्री म्हणतो तसं. मी सही केली नाही. तरी रात्री तेच मला जेवायला घेऊन गेले.

बसताक्षणी चहा आला. मी पेला तोंडाला लावणार, तर दुभाषी मुलीनं थांबवलं. पहिला चहा प्यायचा नसतो. त्यानं आपली वाटी, पेला, चमचा, चॉपस्टिक विसळायच्या. शिफूंनी माझी भांडी स्वतः विसळून माझ्यापुढे मांडली. दिवसभर ज्यांचं काम मी नापास करत होतो, त्यांनी. मला फार अवघडल्यासारखं झालं.

मग मी त्यांना चहा ओतला. त्यांनी दोन बोटं वाकवून टेबलावर टकटक केली. पुरे म्हणताहेत समजून मी थांबलो, पण ते आभार होते. छ्येनलोंग बादशहानं वेश पालटून फिरताना नोकराला चहा ओतला. तिथं लोटांगण घातलं तर बादशहाचं बिंग फुटणार, म्हणून नोकरानं बोटंच गुडघ्यांसारखी टेकवली, अशी कथा सांगतात.

शुंदला युनेस्कोनं 2014 साली खाद्यसंस्कृतीचं शहर म्हणून मान दिला. का, ते त्या रात्रीच्या माशानं सांगितलं. अख्खा मासा नुसता वाफवलेला. वर आलं, कांद्याची पात, कडकडीत तेल आणि सोया सॉस. तिरफळं आणि लाल तिखटावर वाढलेली माझी मालवणी जीभ, पण ते गोडसर, लुसलुशीत मांस खाताना मसाल्याची आठवणही झाली नाही. वरची बाजू संपली आणि मी सवयीनं मासा उलटायला गेलो. टेबल एकदम गप्प झालं. शिफूंनी हळूच माझा हात अडवला, मधला काटा अलगद उचलून बाजूला ठेवला आणि खालचं मांस माझ्या वाटीत वाढलं. मासा उलटला की होडी उलटते, असं तिथं मानतात. माझे आजोबा होडी घेऊन समुद्रात जायचे. मला याहून जास्त समजावून सांगावं लागलं नाही.

शेवटी आलं म्हशीचं दूध, दोन सायींचं. गरम दुधावर साय धरली की खालचं दूध काढून घेतात, त्यात साखर आणि अंड्याचा पांढरा भाग मिसळून परत सायीखाली सोडतात आणि वाफवतात. पहिल्या चमच्यालाच खरवस आठवला.

सकाळी पोचलो तर शिफू आधीच हजर. तापमानाचा सेन्सर बदलून झाला होता. मी पकडीनं पट्टी ओढली. ती प्लायचे तुकडे घेऊनच निघाली. चिकटली असेल तर अशीच निघायला हवी. मी सही केली. शिफूंनी थर्मासमधून चहा ओतला आणि मी मशीनच्या पत्र्यावर दोन बोटं टेकवली.