मिक्सरपायी लपवलेलं बोट

रबाळे एमआयडीसीतल्या आमच्या कारखान्यात मी सेफ्टी ऑफिसर आहे. कॅन्टीनमध्ये बसलो तरी लक्ष लोकांच्या हातांकडे जातं. त्या दुपारी प्रेस शॉपमधला, म्हणजे पत्रा दाबून कापायच्या मशीनवरचा, एक ऑपरेटर डाव्या हाताने भात कालवत होता. उजव्या हातात कापडी हातमोजा, तोही मांडीवर दडवलेला.

"काय झालं रे?"

"काही नाही साहेब, घरी दारात बोट सापडलं."

"हो साहेब, घरीच," शेजारचे तिघेही एकदम बोलले. विचारलं एकाला आणि साक्ष दिली तिघांनी, तिथेच मला कळलं.

गेटवर 'अपघाताविना दिवस' असा बोर्ड होता. वर्ष पुरं व्हायला आठवडाभर उरला होता. 4 मार्चला, म्हणजे राष्ट्रीय सुरक्षा दिनाला, प्रत्येकाला मिक्सर मिळणार होता. एकाच्याही अपघाताने दिवस बुडाला की सगळ्यांचा मिक्सर गेला, अशी अट. मी नोकरीला लागण्याआधीच हेड ऑफिसने ती योजना आणली होती.

फर्स्ट एड रूममध्ये हातमोजा काढायला लावला. तर्जनीचं टोक ठेचलेलं, नख गेलेलं, टाके घातलेले. दिघ्याच्या खाजगी दवाखान्यात नेलं होतं आणि पैसे लाइनवरच्या पोरांनी वर्गणी काढून दिले होते. सुपरवायझरने त्याला पीस मोजायला बसवलं होतं, म्हणजे हजेरी पूर्ण. तेव्हाच्या कारखाना अधिनियम 1948 च्या कलम 88 प्रमाणे अपघातामुळे कामगाराचं काम 48 तास बंद राहिलं तर कारखाना निरीक्षकाला कळवावं लागायचं. ते टाळण्याची ही जुनी युक्ती आहे आणि ती मला मनापासून चीड आणते. शिवाय 'घरी लागलं' म्हटलं की ईएसआयसीत, म्हणजे कामगारांच्या सरकारी विम्यात, तो कामावरचा अपघात राहत नाही. रजा घ्यावी लागली तर पगाराच्या सुमारे 90 टक्क्यांऐवजी 70 टक्के मिळतात आणि बोटात कायमची उणीव राहिली तर त्यासाठीचा मासिक लाभही हातचा जातो. हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं.

मग प्रेस बघायला गेलो. जुना की-क्लचचा प्रेस. एकदा क्लच लागला की क्रँक पूर्ण फेरा मारतोच, मध्ये थांबत नाही. स्प्रिंग ढिली पडली किंवा क्लचमधली 'की' झिजली तर रॅम, म्हणजे पत्र्यावर आदळणारा भाग, वर जाऊन थांबायच्या ऐवजी पुन्हा खाली येतो. शॉपमध्ये म्हणतात, 'प्रेस डबल मारतो.' दोन हातांची बटणं होती, पण ती पहिल्या स्ट्रोकपुरती. स्ट्रोक झाला, बटणं सोडली, पीस काढायला हात आत गेला आणि रॅम आपोआप खाली आला. अशा प्रेसला हात आत जाऊच न देणारा फिक्स गार्डच हवा. तो मोठ्या ब्लँकच्या (पत्र्याच्या तुकड्याच्या) कामासाठी काढलेला होता आणि परत बसवलाच नव्हता. पीस काढायचा चिमटा खिळ्याला टांगलेला.

खरा धक्का पुढे बसला. प्रेस डबल मारतोय, हे सगळ्या लाइनला आधीपासून माहीत होतं. सांगितलं असतं तर प्रेस बंद, प्रॉडक्शन इन्सेंटिव्ह बंद, आणि सांगणाऱ्याला मिळणार काय? काहीच नाही. मिक्सर होता तो गप्प बसण्याचा.

त्या वर्गणीचा अर्थ मला अजून नीट लागलेला नाही. माया होती की दडपण? बहुधा दोन्ही.

रिपोर्ट मी त्याच दिवशी केला. मिक्सर मात्र सगळ्यांना द्याच, म्हणून भांडलो आणि मिळवले. प्लँट हेड म्हणाले, "लपवल्याचं बक्षीस देताय." पण मिक्सर रद्द झाला असता तर लाइनने त्या पोरालाच धरलं असतं आणि पुढे कोणीच तोंड उघडलं नसतं.

बोर्ड उतरवला. आता बोर्डावर तीन रकाने आहेत: सांगितलेले धोके, दुरुस्त झालेले, राहिलेले. थोडक्यात टळलेला अपघात किंवा धोका कार्डावर लिहून द्यायचा. दुसऱ्या सकाळी टूलबॉक्स टॉकला, म्हणजे कामाआधीच्या सुरक्षेच्या छोट्या बैठकीत, सगळ्यांसमोर कॅन्टीनचं कूपन. रक्कम मुद्दाम लहान ठेवली. सुपरवायझरचं बक्षीस किती कार्डं आली यावर नाही, किती दुरुस्त्या झाल्या यावर. कूपनासाठी 'ट्यूबलाइट गेली' अशी कार्डं येतात, अशी तक्रार मेंटेनन्सवाले करतात. येऊ देत. ट्यूबलाइट दुसऱ्या दिवशी बदललेली दिसली की तोच माणूस क्रेनच्या हुकाला माल निसटू न देणारा लॅच नाही, हेही लिहून देतो. कूपनापेक्षा दुरुस्तीवरच माणसाचा विश्वास बसतो.

ठेकेदाराची माणसं मात्र कार्ड भरत नाहीत. नाव पुढे आलं की उद्या गेटवरूनच परत पाठवतील, ही त्यांची भीती खरी आहे. म्हणून बिननावी कार्ड आणि पूर्ण लाइनला नाश्ता, असं मी सुचवलं आहे. कार्ड दिलं म्हणून कोणालाही काढायचं नाही, हे कलम ठेक्याच्या करारात घालायला सांगितलं. परचेसवाले म्हणतात, दर वाढेल. करार नूतनीकरणाला आलाय आणि त्या कलमाशिवाय त्यावर सेफ्टीची सही होणार नाही, हे मी त्यांना लेखी कळवलं आहे.